स्वतःचाच चेहरा पुन्हा पुन्हा रंगवणाऱ्या ताईंना

डिचोली तालुक्यातील एका चित्रकार वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातील मुख्य भाग आधी देते.

“माझे वय 36. आमच्या घरी गणपतीची चित्रशाळा आहे, त्यामुळे रंगांशी ओळख लहानपणापासूनची. पुढे कला महाविद्यालयात शिकले आणि आता एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. नऊ वर्षांपूर्वी ओठांच्या कडेला आणि डाव्या डोळ्याखाली पांढरे डाग आले, नंतर हातांवरही पसरले. डॉक्टरांनी कोड असल्याचे सांगितले. उपचार चालू आहेत. 2020 च्या टाळेबंदीत समोर बसायला कोणी मिळेना म्हणून आरशात पाहून स्वतःचा चेहरा रंगवायला घेतला आणि पुढे ती सवयच झाली. सुरुवातीच्या चित्रांत चेहरा सावलीत वळलेला आहे, केस गालावर आहेत. अलीकडच्या चित्रांत मी समोर पाहते आहे. सगळी चित्रे ओळीने लावून पाहिली तेव्हा आपल्यात काही बदलले आहे असे वाटले. पण मागच्या आठवड्यात बसमध्ये शेजारी बसलेली बाई माझे हात पाहून उठली आणि दुसरीकडे जाऊन बसली. त्यानंतर कित्येक दिवस ब्रश हातात धरवला नाही. लग्नकार्याला जाताना अजूनही डाग झाकणारे क्रीम लावते. मग हा स्वीकार खरा, की मी स्वतःची समजूत घालते आहे? स्वतःलाच इतके रंगवणे हा आत्मकेंद्रीपणा तर नव्हे? पणजीतील एका समूह प्रदर्शनासाठी माझी पाच चित्रे मागितली आहेत. आई म्हणते, धाकटीचे लग्न ठरेपर्यंत हे लोकांसमोर नको. एका परिचितांनी चित्रे पाहून ‘किती धाडसी आहेस’ असे म्हटले, आणि ते कौतुक मला बोचले. काय करावे? सहा चित्रांची छायाचित्रे सोबत पाठवते आहे.”

प्रिय ताई,

आत्मकेंद्रीपणाच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देते. स्वतःचा चेहरा रंगवणाऱ्याला समोर बसणाऱ्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, त्याची वेळ सांभाळावी लागत नाही आणि चित्र बिघडले तर कोणाची नाराजी ओढवत नाही; या साध्या कारणांमुळे चित्रकार शतकानुशतके आरशासमोर बसत आले आहेत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1484 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, आरशात पाहून स्वतःचे रेखाचित्र केले. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने पॅरिसमधल्या दोन वर्षांत वीसहून अधिक आत्मचित्रे रंगवली, कारण चेहरा रंगवण्याचा सराव हवा होता आणि मॉडेल परवडत नव्हते. टाळेबंदीत तुम्ही जे केले ते याच परंपरेतले आहे. आत्मकेंद्री चित्रात चित्रकाराला आपण कसे दिसायला हवे हे पहिल्या फटकाऱ्याआधीच ठरलेले असते, आणि तुमच्या सहापैकी निदान पाच चित्रांत तसे काही ठरलेले मला दिसले नाही. सहाव्याविषयी पुढे लिहिते.

आता मुख्य प्रश्न. तुमची चित्रे मी क्रमाने लावून बराच वेळ पाहिली, आणि त्यांच्याविषयी आधी चित्रकलेच्या भाषेतच बोलणे योग्य वाटते, कारण तुमच्यात झालेला बदल तिथे अधिक स्पष्ट वाचता येतो. तुम्ही चित्रशाळेत वाढलात. तिथे मूर्तीच्या अंगाचा रंग एकसारखा बसावा लागतो, कॉम्प्रेसरने फवारलेल्या गुलाबी किंवा केशरी छटेत कुठे डाग राहिला तर तो घासून पुन्हा फवारा मारायचा असतो, आणि डोळ्यांची आखणी त्या निर्दोष कांतीवरच करायची असते. ज्या हाताने लहानपणापासून प्रत्येक डाग हा कामातला दोष म्हणून पुसला, त्याच हाताला पुढे स्वतःच्या गालावरचा डाग जसा आहे तसा ठेवायला शिकवणे हे किती कष्टाचे असेल, हे तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रावरून कळते. तिथे तुम्ही डाग नाकारलेला नाही, पण तो शुद्ध टिटॅनियम व्हाइटमध्ये, कडा धारदार ठेवून लावलेला आहे, जणू तो चेहऱ्याचा भाग नसून वरून चिकटवलेला कागद आहे. चौथ्या चित्रापासून तोच भाग बदलतो. रंगद्रव्य नसलेली त्वचा कोरी पांढरी नसते. तिच्याखालचे रक्त तिला गुलाबी करते, शेजारच्या साडीचा रंग ती इतर त्वचेपेक्षा लवकर उचलते, आणि तिच्या कडा एका ठिकाणी ठळक तर दुसऱ्या ठिकाणी विरघळलेल्या असतात. हे सगळे तुम्ही टिपले आहे. ओठाच्या कडेला तुम्ही यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्या रंगाचा, जो पातळ हात दिला आहे, तो डोळ्यांनी नीट पाहिल्याशिवाय सुचत नाही.

तुमचे पाचवे चित्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. शाळेतून आल्यावर चष्म्यासह रंगवलेल्या त्या चेहऱ्यावर थकवा आहे, केस विस्कटलेले आहेत, आणि तुम्ही सर्वाधिक मेहनत चष्म्याच्या काचेखाली पडलेल्या सावलीवर घेतली आहे. डाग तिथेच आहे, पूर्ण रंगवलेला आहे, पण चित्राचा विषय तो उरलेला नाही. स्वीकार हा शब्द वापरायचाच असेल तर मी तो या चित्राविषयी वापरेन. समोर रोखून पाहणारे सहावे चित्र तुम्हाला अधिक प्रिय असावे, असे पत्रावरून वाटते; त्यातील रेषा भक्कम आहे, परंतु ते चित्र पाहणाऱ्याला उत्तर देण्यासाठी उभे राहिलेले आहे, आणि मान ताठ ठेवण्याचा निर्णय आरशात पाहण्याआधी झालेला आहे.

चेहरा सुंदर दिसू लागणे म्हणजे स्वीकार, असा समज आजकाल फार पसरला आहे आणि तो मला घातक वाटतो. डच चित्रकार रेम्ब्रांटची चित्रे, कोरीवचित्रे आणि रेखाटने मिळून सुमारे 80 आत्मचित्रे आज ओळखली जातात. तरुणपणी तो भारी वस्त्रांत, मखमली टोपीत स्वतःला रंगवतो. 1656 साली त्याचे दिवाळे निघाल्यानंतरच्या चित्रांत फुगलेले नाक, सैल पडलेली गालांची त्वचा आणि डोळ्यांखालच्या पिशव्या अधिकाधिक अचूक होत जातात. 1669 साली, मृत्यूच्या वर्षी रंगवलेल्या चित्रातला माणूस म्हातारा आहे, एवढेच. फिनलंडच्या चित्रकर्ती हेलेने शेर्फबेक यांना बालपणीच्या पडण्यामुळे जन्मभर लंगडावे लागले. ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, 1944 ते 1946 या अखेरच्या काळात, स्वीडनमधील एका हॉटेलात राहून त्यांनी स्वतःची चित्रे एकामागून एक केली, आणि त्यांत चेहरा हळूहळू कवटीच्या आकारापर्यंत उतरत जातो. या दोघांच्याही शेवटच्या चित्रांत समाधान शोधायला गेलात तर कदाचित मिळणार नाही. तिथे अचूकपणा आहे, आणि आपल्या चेहऱ्याशी खोटे न बोलण्याची सवय आहे. ही सवय तुम्हाला लागलेली आहे, म्हणून तुम्ही स्वतःची समजूत घालत आहात असे मला मुळीच वाटत नाही.

मग बसमधल्या प्रसंगाने तुम्ही इतक्या का खचलात? कारण स्वतःचा चेहरा जाणणे आणि दुसऱ्याची नजर सोसणे ही दोन वेगळी कामे आहेत. आरशासमोरच्या वर्षांनी तुम्हाला पहिले काम शिकवले. दुसऱ्याचा सराव त्या खोलीत होऊच शकत नव्हता, कारण तिथे पाहणाऱ्याही तुम्हीच होता. एका अनोळखी बाईच्या अज्ञानाने दुखावले जाणे म्हणजे आधीचे सगळे खोटे ठरणे नव्हे. आपल्या साळगावात 1924 साली जन्मलेल्या चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांचे उदाहरण घ्या. बालपणी त्यांना देवी आल्या, आईने गोंयच्या सायबाला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरला, नवस केला आणि मूल वाचल्यावर त्याच्या नावात फ्रान्सिस जोडले. पुढे त्यांनी रंगवलेल्या चेहऱ्यांवर व्रण, ओरखडे आणि रुतलेले बाण वारंवार येतात; स्वतःचे शरीरही त्यांनी काही न झाकता रंगवले. 1949 साली मुंबईत मांडलेल्या त्यांच्या नग्न आत्मचित्रावर अश्लीलतेचा आक्षेप आला आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. स्वतःला पाहण्याची एवढी ताकद असलेल्या माणसालाही लोकांची नजर सुखाची गेली नाही, आणि त्यांच्या रेषेतला राग जन्मभर गेला नाही. रागासह, दुखऱ्या मनासह जगणारा माणूसही स्वतःला स्वीकारलेला असू शकतो.

क्रीमविषयी मनात अपराधी भावना ठेवू नका. लग्नघरी प्रत्येकाच्या प्रश्नाला उत्तर देत बसण्याची शक्ती त्या दिवशी नसेल तर ती वाचवण्याचा तुम्हाला अधिकार आहे. उपचार चालू ठेवण्यातही स्वीकाराशी विसंगत काही नाही. नवीन डाग वेगाने येऊ लागले तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा, आणि शाळेच्या मैदानावर उन्हात उभे राहताना डागांवर सनस्क्रीन लावा, कारण रंगद्रव्य नसलेली त्वचा आपल्या उन्हात फार लवकर भाजते. बसमधल्या बाईला जे ठाऊक नव्हते तेही येथे लिहिते, म्हणजे हे सदर वाचणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल. कोड हा स्पर्शाने, शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होणारा रोग नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट होतात, आणि कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. जगातील सुमारे 0.5 ते 2 टक्के लोकांना तो असतो. त्यातला किमान आकडा धरला तरी 2011 च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांच्या गोव्यात अशी सात हजारांहून अधिक माणसे असणार. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आपल्या कलादालनातील भिंतीवर पाहिल्याचे मला आठवत नाही.

‘धाडसी’ हा शब्द बोचला हे मला पूर्ण समजते. त्या परिचितांनी प्रेमानेच म्हटले असेल, परंतु त्या एका शब्दात तुमची रेषा, तुमची छटा, चष्म्याखालची ती सावली, काहीच शिल्लक राहत नाही. राहतो तो फक्त डाग आणि तो दाखवण्याचे साहस. यापुढे तुम्हाला फ्रीडा काहलो यांचे नावही अनेकदा ऐकवले जाईल. 1925 च्या बस अपघातानंतर पलंगाच्या वर लावलेल्या आरशात पाहून चित्रे करणाऱ्या त्या चित्रकर्तीविषयी मला अपार आदर आहे. परंतु वेदना सोसणाऱ्या प्रत्येक स्त्रीला त्यांच्याशी जोडून टाकले की तिच्या चित्राकडे पाहण्याचे श्रम वाचतात. कोणी धाडसी म्हणाले तर आभार मानून विचारा, “यातला कोणता भाग नीट उतरला असे वाटते?” प्रश्न ऐकून बहुतेक माणसे पुन्हा चित्राजवळ जातील.

कामाविषयी एक गोष्ट सुचवते. तुमच्या सर्व चित्रांत डाव्या डोळ्याखालचा डाग चित्रातल्या व्यक्तीच्या उजव्या डोळ्याखाली आला आहे, कारण तुम्ही सपाट आरशातली उलटी प्रतिमा रंगवली. त्यात चूक काही नाही. लंडनच्या केनवुड हाउसमधल्या रेम्ब्रांटच्या आत्मचित्राची क्ष-किरण तपासणी केली तेव्हा असे दिसले की, त्यानेही आधी ब्रश आरशात दिसला त्या बाजूच्या हातात रंगवला होता आणि मागाहून बदलला. पण 1977 साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या एका प्रयोगात, लोकांना स्वतःचा आरशातला उलटा चेहरा अधिक आवडतो आणि त्यांच्या मित्रांना मात्र सुलटा, असे आढळले; ज्याची सवय तो प्रिय. म्हणजे तुम्ही ज्या चेहऱ्याशी इतक्या वर्षांत समेट केला, तो जगाने कधी पाहिलेलाच नाही. दोन सपाट आरसे काटकोनात जोडून उभे करा आणि त्या जोडावर बरोबर समोरून पाहा. तिथे तुमचा सुलटा चेहरा दिसेल. तो आरंभी परका, किंचित वाकडा वाटेल. त्याच्यावरून एक चित्र घाई न करता करा. मोबाइलच्या फोटोवरून करू नका. एका फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के अधिक रुंद दिसते, असे 2018 च्या एका अभ्यासाने दाखवले आहे, आणि स्वतःच्या चेहऱ्याविषयी आधीच हळव्या असलेल्या माणसाने अशा साधनावर विश्वास ठेवू नये. शिवाय एखाद्या सुटीच्या दिवशी पणजीत फोंतेन्हासला जा. तिथल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे सांग्यात जन्मलेल्या चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेच्या सावल्या त्यांनी कशा हाताळल्या ते जवळून पाहिलेत, तर पुस्तकातल्या युरोपीय चेहऱ्यांवरून जे कळत नाही ते कळेल.

राहिले प्रदर्शन आणि आई. आईंची भीती मी खोटी मानत नाही. आपल्याकडे सोयरीक ठरताना चौकशा चवथीला, जत्रेला, देवळाच्या मंडपात होतात, आणि एका मुलीविषयीचे बोलणे दुसरीच्या वाट्याला सहज जाते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले असेल. तरीही विचार करा, चित्रे झाकून नेमके काय झाकले जाणार आहे? धाकटीला पाहायला येणाऱ्यांना चहा तुम्हीच देणार आहात. जे घरात उघड आहे ते भिंतीवर लपवले तर त्याला लाज असल्याचा अर्थ येतो, आणि पुढे कोणी विचारले तर उत्तर द्यायला ओशाळल्यासारखे होते. कोणी आनुवंशिकतेविषयी विचारलेच, तर सरळ सांगावे की घरात एकाला असल्यास इतरांना शक्यता काहीशी वाढते, पण कोड असलेल्या बहुतेकांच्या जवळच्या नात्यात दुसऱ्या कोणाला ते नसते. आईंना हे पटवण्यासाठी भाषण करू नका. एखाद्या दुपारी चित्रशाळेत काम नसताना सगळी चित्रे वर्षांच्या क्रमाने लावा, त्यांना पाहू द्या, आणि त्या जे बोलतील ते ऐका. मूर्तीचे डोळे उघडताना आयुष्यभर पाहिलेल्या स्त्रीला चित्र वाचता येत नाही असे समजू नका.

तुमच्या पत्रात एक मोठी उणीव आहे: बहिणीचे म्हणणे त्यात कुठेच नाही. आई तिच्या वतीने बोलतात, तुम्ही तिच्यासाठी थांबण्याचा विचार करता, पण तिला कोणी विचारले आहे का? आयोजकांना उत्तर देण्याआधी तिच्याशी एकटीने बोला. ती “दे” म्हणाली तर आईंशी बोलण्याचे अर्धे ओझे तीच उचलेल. ती मनापासून “थोडे थांब” म्हणाली तर यंदाचे प्रदर्शन सोडण्यात तुमची हार नाही. ते तिच्यासाठी दिलेले काही असेल, आणि तिला तसे माहीत असू द्या, म्हणजे मनात अढी राहणार नाही. फक्त आईंच्या भीतीपोटी आणि बहिणीला न विचारता चित्रे मागे ठेवलीत, तर पुढे कधीतरी तुम्ही त्या निष्पाप मुलीवर मनातल्या मनात चिडाल, असे मला भय वाटते.

माझे मत विचाराल तर चित्रे द्यावीत. पाच देणार असाल तर पहिले, केसांआड चेहरा असलेले चित्र वगळू नका. त्याच्याशिवाय पाचव्याचे मोल पाहणाऱ्याला कळणार नाही. वगळायचेच तर सहावे वगळा. चित्राखालच्या पाटीवर वर्ष, माध्यम आणि आकार एवढेच असावे, आजाराचे नाव नको, आणि आयोजकांनी तुमच्याविषयी लिहिलेला मजकूर छापण्यापूर्वी तुम्हाला दाखवावा अशी अट लेखी घाला. कोणते चित्र विकायचे नाही तेही आधीच ठरवा, कारण आपला चेहरा अनोळखी माणसाच्या घरी जाणार ही कल्पना उद्‌घाटनाच्या गर्दीत पहिल्यांदा मनात यावी असे नाही. पहिल्या दिवशी सोबत एखादी मैत्रीण असू द्या, आणि दमलात तर बाहेर जाऊन या. दिवसभर चित्रांजवळ उभे राहण्याचे बंधन कोणी घातलेले नाही.

चित्रे यंदा दिली नाहीत तरी एक काम लगेच करा. ती चित्रशाळेच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्याचे तुम्ही लिहिले आहे. आपल्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या आत दमट हवा कोंडते आणि कॅनव्हासला मागून बुरशी धरते, शिवाय मातीकाम चालते त्या खोलीत ओल जास्तच असते. प्लास्टिक काढून सुती कापड घाला, लाकडी पट्ट्यांवर जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून थोडे सुटे ठेवा, आणि पाऊस उघडेल त्या दिवशी खिडकी उघडून वारा लागू द्या. पहिल्या दोन चित्रांच्या छायाचित्रांत खालच्या कोपऱ्याशी करडे ठिपके दिसतात. ती बुरशीच असेल तर कोरड्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने, घराबाहेर, तोंडाला कापड बांधून झाडा, आणि रंगावर पाणी लावू नका.